बर्फातली माझी सायकल

"अगं, एवढ्या बर्फात सायकल? वेड लागलंय का तुला? आणि पडलीस-झडलीस तर तिथं तुझं करायला कोण आहे?"

सासूबाईंचा कराडहून आलेला हा फोन. प्रश्न तीन, आणि तिन्ही रास्त. मैत्रिणींनो, तेव्हा मी एकाचेही धड उत्तर दिले नाही. "बघते हं आई," म्हणून फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशीच्या डब्याची तयारी करायला लागले. आता चार हिवाळे सरल्यावर ती उत्तरे लिहायला बसले आहे. सासूबाई दर आठवड्याला हे मासिकपान चष्मा लावून वाचतात, तेव्हा त्यांनाही ती पोचतीलच.

आधी मी कुठे आहे ते सांगते. फिनलंड देशाच्या उत्तरेकडे, समुद्राकाठी औलू नावाचे गाव आहे. गाव म्हणायचे, पण वस्ती दोन लाखांवर आहे. नकाशावर पासष्टाव्या अक्षांशाची रेघ जवळजवळ ह्याच गावावरून जाते. ह्यांची नोकरी टेलिफोनच्या यंत्रणांमधली, म्हणून २०१९ च्या ऑगस्टमध्ये आम्ही पुण्याहून इकडे आलो. मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती.

आलो तेव्हा रात्री दहालाही उजेड असायचा. मी मनात म्हटले, काय सुंदर देश आहे! नोव्हेंबर उजाडला – उजाडला म्हणायचे तरी कसे? – आणि दिवस आटत चालला. डिसेंबरच्या मध्याला इथे सूर्य सकाळी साडेदहाच्या सुमारास वर येतो आणि दुपारी दोन वाजून गेले की मावळतो. म्हणजे आपला वरणभाताचा कुकर चढवून, जेवून, ओटा आवरेपर्यंत दिवस संपलेला! बाहेर पाऊलभर बर्फ आणि पारा उणे पंधरावर. हे सकाळी सातला गाडी घेऊन जायचे ते अंधारात, यायचे तेही अंधारात. भाजी आणायची तरी ह्यांची वाट बघायची.

पहिले दोन हिवाळे मी स्वयंपाकघराच्या खिडकीत काढले. दुसऱ्या वर्षी तर करोनाची भर. पुण्यात लग्नाआधी शिकवण्या घेणारी, चार ठिकाणी हिंडणारी मी, इथे दुपारी दोन वाजता दिवे लावून बसत होते. घरात काही कमी नव्हते. पण "आज काय केलंस?" असे ह्यांनी विचारले की मला रडू यायचे. बिचारे घाबरून जायचे.

त्या खिडकीतूनच मी ती मिरवणूक प्रथम पाहिली. सकाळचे साडेसात, काळोख, भुरभुर बर्फ, आणि खालच्या रस्त्याने दिव्यांची ओळ चाललेली. सायकली! पाठीवर दप्तरे घेतलेली मुले, कामाला निघालेल्या बायका, बास्केटमध्ये पिशवी ठेवलेली एखादी सत्तरीची आजी. पुढे मला कळले की ह्यात नवल काही नाही. ह्या गावात सायकलींसाठी नऊशे किलोमीटरहून अधिक लांबीचे रस्ते आहेत, आणि हिवाळ्यातल्या सायकलींचा विचार करायला देशोदेशीची माणसे २०१३ साली पहिल्यांदा जमली ती इथेच. मेत्सोकांगास नावाच्या भागात एक मोठी शाळा आहे. तिथल्या साधारण १२०० मुलांपैकी हजारभर मुले भर हिवाळ्यातही सायकलने येतात. शाळेबाहेर बर्फाने माखलेल्या सायकलींची रांग बघितली की आपल्याकडच्या जत्रेतल्या सायकल-स्टँडची आठवण होते.

माझी आई पुण्यात शाळेत शिक्षिका होती. ज्या काळात पुण्याला सायकलींचे शहर म्हणत, त्या काळातली. पाचवारी साडी, चेनवर कव्हर, मागच्या चाकाला जाळी आणि कॅरिअरवर तपासायच्या वह्यांचा गठ्ठा. आठवीत गेल्यावर मला लेडीज सायकल मिळाली, ती बी.ए. होईपर्यंत वापरली. लग्न ठरल्यावर ती वॉचमनच्या मुलीला देऊन टाकली. कुणी 'दे' म्हटले नव्हते. आता आपल्याला ती लागणार नाही, असे मीच गृहीत धरले. आपण बायका अशा कितीतरी वस्तू, आणि वस्तूंबरोबर आणखीही काही, कुणी न मागता देऊन टाकतो, नाही का?

२०२१ च्या सप्टेंबरात मला एका इंग्रजी बालवाडीत अर्धवेळ शिकवण्याचे काम मिळाले. आठवड्यातून तीन दिवस, सकाळी आठ ते बारा. घरापासून सहा किलोमीटर. सप्टेंबर-ऑक्टोबर मी एक जुनी सायकल घेऊन मजेत गेले. पहिला बर्फ पडला आणि घरात प्रश्न उभा राहिला. ह्यांचे ऑफिस बरोबर उलट्या दिशेला, शिवाय मुलीला पाळणाघरात तेच सोडत. बसने जायचे तर आधी गावात जाऊन बस बदलायची.

हे म्हणाले, "मग हिवाळ्यापुरतं सोडून दे ना. पैशासाठी काही अडलेलं नाही आपलं."

बोलणे प्रेमाचेच होते. पण हिवाळा इथे पाच महिन्यांचा! पाच महिने सोडलेले काम माझ्यासाठी कोण राखून ठेवणार? आणि अडलेले नाही हे खरे, पण माझे अडले होते. ते पैशाचे नव्हते म्हणून मला धड सांगता येईना. मी एवढेच म्हटले, "अहो, समोरच्या आजी जातात. मी का नाही जाणार?"

ह्या समोरच्या आजी म्हणजे शेजारच्या जिन्यातल्या बाई, वय सत्तरीपुढचे. त्यांचे इंग्रजी माझ्या फिनिशइतकेच, म्हणजे जेमतेम. पण मी विचारल्यावर त्या खाली आल्या, माझी सायकल उलटीसुलटी करून पाहिली आणि टायरवर बोट ठेवून मान हलवली. इकडे एक म्हण आहे: हवा वाईट नसते, कपडे चुकीचे असतात. आजींचे म्हणणे, टायरचेही तसेच.

मग त्यांनी मला खिळ्यांचे टायर दाखवले. टायरच्या रबरात अगदी कठीण धातूचे बारीक खिळे बसवलेले असतात, ते बर्फाच्या काचेत रुततात. मोटारींचा जगातला पहिला हिवाळी टायर १९३४ साली ह्याच देशात तयार झाला, तेव्हा ह्यांना त्यातले कळणारच. किंमत मात्र ऐकून मी हबकले. आपली काटकसरीची सवय जाते कुठे? मी हिशेब केला: जोर मागच्या चाकावर असतो, ओझे मागे असते, तेव्हा एकच टायर घ्यावा आणि मागे लावावा. आजी काहीतरी दोन बोटे दाखवून सांगत होत्या. 'दोन घे' म्हणताहेत हे मला कळले होते. न कळल्यासारखे केले. त्या काटकसरीची गोष्ट पुढे येतेच आहे.

आता गंमत ऐका. तुम्हाला वाटेल, जितकी थंडी जास्त तितके सायकल चालवणे कठीण. तसे मुळीच नाही. उणे पंधरा अंशाला बर्फ कोरडा असतो. कॉर्नफ्लॉअर चिमटीत दाबले की कसा करकर आवाज येतो, तसाच आवाज टायरखाली येतो आणि चाक छान पकड घेते. इथे बर्फ पूर्ण खरवडून काढत नाहीत. यंत्राने सपाट करून दाबून ठेवतात आणि त्यावर बारीक खडी टाकतात. मिठाचा भर मोठ्या मोटार-रस्त्यांवर. आपण आइस्क्रीमच्या पॉटमध्ये बर्फाला मीठ लावतो ते आठवते ना? मिठाने बर्फ वितळतो, पण त्यालाही मर्यादा आहे. पारा उणे दहाच्या खाली गेला की मिठाचे फारसे चालत नाही. खडी मात्र कितीही थंडीत खडीच राहते. फक्त वसंतात बर्फ वितळला की तीच खडी टायरमध्ये घुसून पंक्चर करते, तेव्हा जपायचे.

खरी वाईट हवा शून्याच्या आसपासची. दिवसा थोडे वितळायचे, रात्री गोठायचे. कधी बर्फावर पाऊस पडतो, तेव्हा तर रस्ता तेल लावलेल्या परातीसारखा होतो. थंडी कमी म्हणून आपण निर्धास्त असतो आणि तिथेच फसतो.

कपड्यांचेही असेच. पहिल्या दिवशी मी दोन स्वेटर, त्यावर जाड कोट घालून निघाले आणि दोन किलोमीटरवर घामाने निथळले. आत सुती कुडता होता. सुती कापड घाम पिते आणि ओलेच राहते. थांबल्यावर अशी हुडहुडी भरली की बालवाडीत तासभर दात वाजत होते. तेव्हापासून अंगालगत पातळ लोकरीचे, त्यावर एक स्वेटर, सगळ्यांत वर वारा न शिरणारे पातळ जाकीट. दारातून बाहेर पडताना थोडे थंड वाटलेच पाहिजे. नाही वाटले तर एक कपडा जास्त झाला समजावे. पाच बोटांच्या हातमोज्यांपेक्षा सगळी बोटे एकत्र राहतील असा मोजा बरा, बोटे एकमेकांना ऊब देतात. बुटात दोन मोजे कोंबू नयेत. पाय आवळला की जास्त गारठतो.

एक खास बायकांची सूचना. कडक थंडीत कानातल्या कुड्या काढून ठेवाव्यात. धातू गार पडतो आणि कानाची पाळी बधिर होते. मंगळसूत्र स्वेटरच्या आत. व्हिडिओवर माझे कान मोकळे पाहून सासूबाई चपापल्या होत्या. कारण सांगितल्यावर म्हणाल्या, "मग ठीक आहे. पण घरात आल्यावर घालत जा." घालते मी. आणि कधी गालावर पांढरा बधिर ठिपका उमटलाच तर तो चोळू नये. उबदार तळवा नुसता धरून ठेवावा.

सायकलीचे सांगायचे तर ती उबदार घरात आणून पुन्हा बाहेर नेऊ नये. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला घाम फुटतो ना, तसा सायकलीलाही फुटतो, आणि बाहेर नेल्यावर ते पाणी आतल्या आत गोठते. एकदा माझे फ्रीव्हील असे गोठले की पॅडल नुसते गरागरा फिरत होते आणि सायकल जागच्या जागी! कुलूप गोठले तर त्यावर गरम पाणी ओतण्याचा मोह होतो. मी ओतले आहे. पाच मिनिटांत ते पाणी गोठून कुलूप पहिल्यापेक्षा पक्के बसले. दिव्याच्या बॅटऱ्याही थंडीत लवकर मान टाकतात, म्हणून दिवा काढून खिशात ठेवायचा. अंगावर चकाकणारी पट्टी हवीच. इथे लहान मुलांपासून आजोबांपर्यंत प्रत्येकाच्या कोटाला मोटारीच्या उजेडात चमकणारा बिल्ला लोंबत असतो.

असे सगळे शिकत नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी गेले. मी खूश होते. बालवाडीतली मुले दारातच "बर्फ लागलाय पापण्यांना!" म्हणून माझ्याकडे बोट दाखवायची. बारा वाजता परत येताना त्या एवढ्याशा दिवसातला सूर्य झाडांमागे तिरपा दिसायचा. घरी बसून मला तो कधी दिसलाच नव्हता.

मग २०२२ च्या फेब्रुवारीतला तो दिवस आला. आदल्या रात्री पाऊस पडला होता. सकाळी पारा शून्यावर. मला वाटले, आज तर उबदार आहे! भुयारी रस्त्याकडे जाणाऱ्या उतारावर वळताना पुढचे चाक सर्रकन निसटले. मागचे चाक खिळे रोवून जागेवर होते, बिचारे! पण सायकल वळवते ते पुढचे चाक, आणि तेच गेले की माणसाच्या हातात काही उरत नाही. एकच टायर परवडणार असेल तर तो पुढे लावायचा, हे मला डाव्या मनगटावर आपटल्यावर समजले.

दोघे-तिघे थांबले, मला उठवले. मी बालवाडीत गेले, चार तास शिकवले आणि बसने घरी आले. मनगट तोवर पुरीसारखे फुगले होते. आणि मैत्रिणींनो, मी ते लपवले. पूर्ण बाह्यांचा स्वेटर घालून स्वयंपाकाला लागले. ह्यांना कळले तर सायकल बंद, सायकल बंद तर काम बंद, एवढेच डोक्यात. पण कणीक एका हाताने मळता येत नाही. मुलीने पाहिले आणि बाबा दारातून आत येतात न येतात तोच ओरडली, "बाबा, आईचा हात मोठा झालाय!"

हे ओरडतील असे वाटले होते. ओरडले नाहीत. दवाखान्यात नेले. हाड मोडले नव्हते, मुरगळले होते. परत येताना गाडीत बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तू पडलीस ह्याचं नाही. सकाळी पडलीस आणि मला संध्याकाळी मुलीकडून कळलं. ऑफिसात फोन वाजला की माझ्या छातीत धस्स होतं, ते रोज. उद्यापासून न वाजलेल्या फोनचीही भीती वाटेल."

मला उत्तर सुचले नाही. मी त्यांना अडवणारा माणूस समजत होते. रोज सकाळी सात ते आठ ते कसे काढतात, हे मी कधी विचारलेच नव्हते.

तीन आठवडे हात बांधलेला होता. तीन आठवडे ह्यांनी रोज खिचडी आणि रविवारी बदल म्हणून मसालेभात केला. त्या काळात आम्ही दोघांनी बसून काही गोष्टी ठरवल्या. पुढच्या चाकालाही खिळ्यांचा टायर. उणे वीसच्या खाली पारा गेला किंवा बर्फावर पाऊस पडला, तर त्या दिवशी बस, मग कितीही वेळ लागो. पोचल्यावर दोन शब्दांचा निरोप, 'पोचले गं बाई' नाही, नुसते 'पोचले'. आणि पडले तर त्याच घटकेला सांगायचे. त्या बदल्यात 'सोडून दे' हा शब्द ह्यांनी काढायचा नाही. मार्चमध्ये बालवाडीने मला परत घेतले. मी अजून तिथेच आहे.

सीट थोडे खाली घ्यावे म्हणजे पाय चटकन टेकतात, बर्फाच्या काचेवरून सरळ जावे, तिथे ब्रेकही नको आणि वळणही नको, हे सगळे मी नंतर शिकले. पण खरा धडा निराळाच होता. सायकल रोज चालवायची असेल, तर कोणत्या दिवशी चालवायची नाही हे आधी ठरवून ठेवावे. मग 'आज जाऊ का नको' ह्यावर रोज सकाळी घरात वाद होत नाही, आणि आपणही हट्टाला पेटत नाही.

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे बर्फ कुठे आहे? नसेल. पण पाऊस आहे. सायकल असो की स्कूटी, पहिल्या पावसात रस्त्यावरचे तेल आणि धूळ मिसळून जो चिकट थर होतो तो चार दिवसांच्या मुसळधारेपेक्षा निसरडा असतो. माझ्या शून्य अंशाचाच तो भाऊ. त्या दिवशी सावकाश जा, नाहीतर रिक्षा करा. रेनकोट काळा-निळा घेण्यापेक्षा पिवळा घ्या, मागे चकाकणारी पट्टी शिवून टाका. ओढणी, पदर आवळून बांधा. टायर गुळगुळीत झाला असेल तर तो बदलण्यात काटकसर करू नका. ह्या बाबतीत माझ्या मनगटावर विश्वास ठेवा.

गेल्या हिवाळ्यापासून आमची मुलगी एकटी सायकलने शाळेत जाते. दुसरीतली मुलगी! इकडे सगळीच जातात. पहिल्या दिवशी डोक्यावर हेल्मेट, त्याखाली पातळ टोपी, पुढे-मागे खिळ्यांचे टायर, सगळे मी तीनदा तपासले. शेवटी तीच म्हणाली, "आई, उशीर होतोय."

ती निघाली आणि मी पळत पुन्हा त्याच स्वयंपाकघराच्या खिडकीत गेले. काळोखात तिचा लाल दिवा दिसत होता. भुयारी रस्त्याच्या तोंडाशी तो नाहीसा झाला आणि माझ्या छातीत अगदी ह्यांच्यासारखेच धस्स झाले. गॅसवरचे दूध उतू गेले तरी मी तिथेच उभी होते. थोड्या वेळाने निरोप आला: 'पोचले'.

मी लगेच कराडला फोन लावला. म्हटले, "आई, तुमच्या त्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं द्यायची राहिलीत."

"राहू देत," सासूबाई म्हणाल्या. "पोर पोचली ना नीट? मग झालं. आणि तू गेल्यावर मलाही एक निरोप टाकत जा. इकडं मी जागीच असते."

तेव्हापासून मी दोन निरोप टाकते.